१८ वर्षं कुलूप असलेलं चिऱ्याचं घर: पाडावं की वाचवावं?

आगरातली, ११ जानेवारी २०२५

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारायला आले आहे. लिहिणं लांबेल, पण घर समजल्याशिवाय कुणी काय सांगणार, म्हणून सगळं लिहिते.

दापोली तालुक्यात आमच्या पणजोबांनी बांधलेलं घर आहे. गणेशपट्टीवर शके १८५३ कोरलेलं आहे, म्हणजे १९३१-३२ सालचं. जांभ्याच्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या भिंती. आतून मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचे हात. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, उजव्या हाताला देवघर, डाव्या हाताला बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. वर माळा. छपराला मंगलोरी कौलं. आत्या सांगते की ही कौलं गलबतातून हर्णै बंदरात उतरली आणि तिथून बैलगाडीने घरी आली.

आजी १९९७ च्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, दर मे महिन्यात जाऊन कुलूप काढायचे, झाडलोट करायचे, फुटकी कौलं बदलून घ्यायचे. २००६ नंतर त्यांचे गुडघे गेले आणि तेही थांबलं. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. उत्तरेकडच्या पाख्यावरची निम्मी कौलं उडाली. शेजाऱ्यांनी त्या वर्षी ताडपत्री बांधली होती, ती पुढच्या पावसाळ्यात फाटली. तेव्हापासून घराने उघड्या डोक्याने पावसाळे काढले आहेत. अण्णा गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी महिनाभर त्यांना मी नीट ओळखू येत नव्हते, पण "पडवीच्या कौलांचं काय झालं" एवढं दर दोन दिवसांनी विचारायचे.

डिसेंबरात मी आणि माझा मुलगा जाऊन आलो. किल्ली होती, पण कुलूप गंजून एकजीव झालेलं, शेवटी कोयंडा कापावा लागला. आत काय दिसलं ते सांगते. स्वयंपाकघराचं छप्पर खाली बसलंय. माजघराच्या जमिनीवर नेचे उगवलेत. वाळवीची माती अंगठ्याएवढ्या जाडीने भिंतीवरून चढून थेट तुळईला भिडली आहे. देवघराच्या बाहेरच्या कोपऱ्यात पिंपळ आलाय, माझ्या उंचीचा. आणि मागची भिंत खांद्यापर्यंत ओली, काळी पडलेली, बोट लावलं तर चिरा भुसभुशीत लागतो. पडवी आणि ओटी मात्र चांगली आहे. फणसाचे चार खांब आहेत, त्यांना काही झालेलं दिसत नाही.

माजघराच्या दारामागे भिंतीवर आजीचा हिशेब आहे. नारळ पाडायला येणाऱ्या गड्याने किती माड चढले ते ती कोळशाने लिहायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सात ओळी भरल्या आहेत आणि आठव्या ओळीत तीनच रेघा आहेत. एवढ्या पावसात ती भिंत कशी राहिली देव जाणे. मी तिथे बराच वेळ उभी होते.

घर बघायला एका ठेकेदाराला नेलं होतं. पंधरा मिनिटांत म्हणाले, "ताई, भिंत संपलीय. पाडा, कॉलम उभे करा, स्लॅब टाका, दहा महिन्यांत बंगला देतो." बाकीचे नातेवाईक म्हणतात एवढा खर्च करायचाच तर नवं का नको. मला पाडायचं नाही. पण हट्टापायी पैसे पाण्यात घालायचे नाहीत, तेवढे माझ्याकडे नाहीतच. मी शाळेत शिकवते, निवृत्तीला दीड वर्ष आहे.

मला विचारायचंय ते हे. मागची भिंत खरंच संपली का? छप्पर सगळं उतरवावं लागेल का? वाळवीला काय करायचं? आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा १९७४ साली गेले. आधी काय हातात घेऊ?


चिरा_माती, ११ जानेवारी

ताई, मी संगमेश्वराकडचा. वडील गवंडी, मी पण त्याच कामात आहे.

तुमच्या घरामागे चढ आहे का ते लिहिलेलं नाही, पण असणार. आपल्याकडे घरं चढ कापूनच बसवतात. वीस वर्षं मागचं कुणी साफ केलं नाही म्हणजे पाला, माती, दरडीचा गाळ सगळा येऊन भिंतीला टेकलेला असणार. बाहेरची माती जोत्याच्या वर गेली की भिंत पाणी ओढत बसते. आतून ओल खांद्यापर्यंत दिसते त्याचं कारण नव्वद टक्के वेळा बाहेर असतं.

म्हणून पहिलं फावडं घराबाहेर मारा. मागच्या भिंतीपासून तीन फूट रुंद जागा जोतं दिसेपर्यंत मोकळी करा. सगळी एकदम खणू नका, पाच-सहा फुटांचे तुकडे पाडून खणा. माती भिंतीला आधार देऊन उभी असते कधी कधी, एकदम काढली की भिंत मागे बसते. मधल्या आडभिंती जिथे येऊन मिळतात तिथून सुरुवात करा.

आणि ओल्या चिऱ्याला बोट लावून भिंत संपली म्हणू नये. खाणीतून निघतो तेव्हाही चिरा मऊच असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. पाणी प्यायलेला चिरा परत मऊ लागतो. एक उन्हाळा सुकू द्या, मग हातोड्याने ठोकून बघा. जो तेव्हाही भुगा होईल तो काढून त्या जागी दुसरा बसवायचा, एकेक करून. चार चिरे बदलायला भिंत पाडत नाहीत.

पिंपळ उपटू नका. हे कळकळीने सांगतो. मुळं सांध्यांतून आत गेलेली असतात, ओढलं की कोपरा हातात येतो. जमेल तितका भिंतीलगत कापा, बुंध्याला भोकं पाडून मूळ मारायचं औषध भरा, मूळ वाळलं की सांधे उकरून काढा आणि लगेच भरून घ्या. उंबर असता तरी हेच सांगितलं असतं.


दरजा, ११ जानेवारी

वर सांगितलंय ते बरोबर आहे. मी फक्त आमची चूक सांगायला आलो.

कुडाळजवळ आमचं असंच घर. २०११ साली मोठ्या हौसेने दुरुस्त केलं. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट. पहिली दोन वर्षं असं देखणं दिसायचं की येणारा-जाणारा थांबायचा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाला फोड आले. मग खिडकीच्या उंचीपर्यंत ओल चढली, जिथे आजोबांच्या काळात ती कधीच नव्हती. चिरा पाणी घेतो आणि सोडतो, आम्ही त्याची सोडायची वाट बंद केली. पाणी भिंतीत कोंडलं आणि वर चढत गेलं, तुळयांची भिंतीत गेलेली टोकं त्याने कुजवली.

२०१८ मध्ये सगळं सिमेंट काढायचं ठरवलं. छिन्नी मारली की गिलाव्याबरोबर चिऱ्याचं तोंडही निघून यायचं, इंच इंच जाडीने. शंभर वर्षं पावसाला न हरलेली भिंत आम्ही सात वर्षांत सोलली. माझी आई खुर्ची टाकून अंगणात बसली होती, तिने त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

सिमेंट लावू नका. ठेकेदार म्हणेल थोडं चुन्यात मिसळतो, पटकन धरतं. तेही नको.


निवृत्त_तलाठी, १२ जानेवारी

घराच्या आधी कागद. तुम्ही खर्च कराल, घर उभं राहील, आणि मग ज्या चुलतभावाला आज ते घर आठवतही नाही त्याला ते आठवेल. नोकरीत असताना हे इतक्यांदा पाहिलं आहे की सांगायची सोय नाही.

आजोबा १९७४ साली मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलीलाही वाटा होताच. म्हणजे तुमच्या आत्याबाई वारस आहेत. पुष्कळ घरांत बहिणींची नावं लावलीच जात नाहीत, आणि पुढे तिथेच सगळं अडतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या बाबतीत कुठला भाग कसा लागू होतो ते वकिलाला कागद दाखवूनच ठरवा.

आधी वारस नोंदीसाठी अर्ज करा. फेरफार मंजूर होऊन सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर येऊ द्यात. ज्यांना हक्क सोडायचा असेल त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, साध्या कागदावर सही चालत नाही. ज्यांना सोडायचा नसेल त्यांची दुरुस्तीला लेखी संमती घ्या. घरपट्टी तुम्ही भरत असलात तरी ती पावती म्हणजे मालकी नव्हे, हा गैरसमज फार आहे. ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला घर कुणाच्या नावावर आणि किती मापाचं आहे, तो उतारा मात्र आजच काढून ठेवा. आहे त्या जोत्यावर आहे तेवढी दुरुस्ती करणार असल्याचं ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि पोच घ्या. घराचे आताचे फोटोही तारखेसह जपून ठेवा.

आत्याबाईंचं वय काय? त्या सही करू शकत असतील तर हे काम पुढे ढकलू नका.


ओळंबा, १२ जानेवारी

मी वास्तुविशारद आहे, पुण्यात असते, गेली काही वर्षं जुन्या घरांचंच काम करते. आगरातलीताई, तुमचं घर न बघता "वाचेल" असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. पण तुम्ही जे लिहिलं आहे त्यात मला पाडण्याचं कारण दिसत नाही. फणसाचे खांब सरळ आहेत, पुढचा भाग शाबूत आहे. ज्यांनी पंधरा मिनिटांत सांगितलं त्यांनी ओळंबा सोडून पाहिलं होतं का? भिंत किती झुकली आहे, की झुकलेलीच नाही? भेगांच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून अंतर लिहा, खाली तारीख घाला. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. अंतर वाढत असेल तर भिंत चालते आहे, नसेल तर ती भेग जुनी आहे आणि घराने ती कधीच पचवली आहे.

आता क्रम. या वर्षी एकच ध्येय ठेवा, १० मेच्या आत छप्पर बंद. बाकी काहीही राहिलं तरी चालेल. गिलावा नको, रंग नको, फरशी तर नकोच. जूनच्या ७ तारखेचा भरवसा धरून काम लावू नका, वळीव आधी येतो आणि उघड्या घरात चार तास पडलेला पाऊस वर्षाची सुकवणी वाया घालवतो.

छप्पर पूर्ण उतरवावं लागेल, कारण वाळवी तुळईपर्यंत पोचली आहे आणि वासे एकेक करून बघायला हवेत. पण उतरवणं म्हणजे टाकून देणं नाही. प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं की चांगलं, बद्द वाजलं की कुठे तरी तडा आहे, दिसला नाही तरी. वाशाला जाड पोकर टोचून बघा, विशेषतः वळचणीकडच्या टोकाला, कारण कुजणं तिथून सुरू होतं. टोक गेलं असेल तर सबंध वासा बदलू नका. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तिरका जोड द्या. गावातले जुने सुतार हा जोड असा बसवतात की हात फिरवल्यावरच कळतो.

एक गोष्ट लोक हमखास चुकतात. रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, ठोकण्याआधी तुमची जुनी दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून ओळीने लावा आणि त्यावरून रिपांचं अंतर काढा. जुन्या आणि नव्या कौलांचं माप थोडं वेगळं असतं, सुताराने नेहमीच्या अंदाजाने रिपा मारल्या की जुनी कौलं बसत नाहीत आणि मग "जुनी फेका, सगळी नवी आणा" असं होतं. कमी पडतील ती नवी घ्या, पण ती एका पाख्यावर सलग लावा. मिसळू नका.

वाळवीबद्दल. मातीच्या नळीचा चार बोटं तुकडा खरवडून काढा आणि आठ दिवसांनी बघा. भरून आला असेल तर वाळवी जिवंत आहे, नसेल तर ती सोडून गेली आहे. या वाळवीला जमिनीतली ओल लागते. छप्पर बंद झालं, मागची माती निघाली की अर्धं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी जोत्याभोवती औषध जाणकाराकडूनच घालून घ्या, विहीर किती लांब आहे ते आधी त्याला सांगा. लाकडाला, कोरडं झाल्यावर, बोरिक आणि टाकणखाराचं पाणी दोन-तीन हात द्यावं. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत तुमच्याकडे आहे, ते उत्तम, पण कातडी सोलून निघते, हातमोजे आणि चष्म्याशिवाय कुणाला लावू देऊ नका.

आणि आजीचा हिशेब. छपराचं काम सुरू होण्याआधी त्या भागावर धुतलेलं सुती कापड टांगा आणि पुढे फळी उभी करा, भिंतीला न टेकवता. वरून पडणारा एक वासा तो गिलावा घेऊन जाईल. प्लास्टिक लावू नका, आत घाम धरतो. गिलावा भिंतीपासून सुटला असेल तर कडेने चाळलेल्या मातीत थोडा चुना कालवून हलक्या हाताने कडा भरून घ्या. त्यावर काही फासू नका, पॉलिश नाही, वार्निश नाही.


खळ्यावरचा, १३ जानेवारी

मी गावातच राहतो. तुमच्या नव्हे, पण तालुका तोच. मला वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

आमच्या वाडीत बारा घरं आहेत, सातांना कुलूप. त्यातली तीन गेल्या दहा वर्षांत चांगली लाखो रुपये घालून दुरुस्त केली मुंबईकरांनी. वास्तुशांत झाली, जेवणं झाली. पुढे मे महिन्यात चार दिवस आणि गणपतीला पाच. बाकी वर्षभर बंद. एका घरात तर नव्या वाशांना चौथ्या वर्षी भुंगा लागला. जुन्या घरात रोज चूल पेटायची, धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर जायचा, वासे काळे कुळकुळीत व्हायचे, त्याला कीड लागत नसे. दर शनिवारी सारवण व्हायचं, त्यामुळे कुठे उंदराने उकरलं, कुठे ओल आली ते बाईमाणसाच्या हाताला कळायचं. माणसाच्या हाताखाली असलेलं घर टिकतं. ते तुमच्याकडे असणार आहे का, हे आधी ठरवा. नसेल तर गावातल्या एखाद्या गरजू कुटुंबाला राहायला द्या, रीतसर लिहून. तेही नसेल करायचं तर पाडून आगर तरी नीट करा. आम्हाला पडकी घरं बघत राहणं फार जड जातं. माणसं आठवतात.


आगरातली, १६ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभर काहीच लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही व्हायचं होतं.

खळ्यावरचा, राग कसला. तुमचं लिहिणं मी मुलाला आणि नवऱ्याला वाचून दाखवलं, दोनदा. उत्तर देते. पुढच्या वर्षी जूनमध्ये मी निवृत्त होते आणि तिथे राहायला जाणार आहे. नवऱ्याची नोकरी अजून तीन वर्षं आहे, ते येऊन-जाऊन राहतील. तोवर शेजारच्या काकू, ज्यांच्या घरून ताडपत्री आली होती, त्या रोज सकाळी दारं उघडतील, संध्याकाळी लावतील आणि मागच्या पडवीत त्यांची चूल पेटेल. त्यांना पावसात सरपण ठेवायला आणि भात वाफवायला जागा हवीच होती. हे त्यांच्याशी बोलून पक्कं केलं, त्यानंतरच पहिला गडी लावला.

तलाठीकाका, तुमच्या सांगण्यावरून त्याच आठवड्यात आत्याकडे गेले. ती ८१ वर्षांची आहे. मी कागदाचं भीत भीत बोलले. ती म्हणाली, "माझं नाव लावा. मला काही नको, पण माझं नाव त्या घराच्या कागदावर एकदा तरी येऊ दे, मग सोडते." वारस नोंदीचा अर्ज झाला आहे, तिचं नाव पहिलं घातलंय. ती हक्क सोडायचं म्हणते, मीच म्हटलं घाई नको. चुलतभावांची लेखी संमती मिळाली.

आता भिंत. चिरा_माती, तुम्ही न बघता सांगितलंत ते अक्षरशः तसंच निघालं. मागे सव्वादोन फूट माती होती. तुकड्या-तुकड्याने खणायला नऊ दिवस लागले. चौथ्या दिवशी गड्याचं फावडं दगडावर वाजलं. जोतं असेल म्हणून हाताने माती काढली तर जोत्यापासून हातभर अंतरावर चिऱ्यांनी बांधलेला चर निघाला! वीतभर खोल, तळाला फरसासारखे सपाट चिरे, उतार विहिरीच्या उलट बाजूला, खालच्या माडांकडे. सबंध घराच्या लांबीचा. अण्णांनी याचा कधी उल्लेख केला नव्हता, आत्यालाही आठवत नाही. म्हणजे त्यांच्या लहानपणीच बुजायला लागला असेल. पणजोबांनी पाण्याची सोय करून ठेवली होती, आम्हीच ती गाडून टाकली. चर साफ केला आहे, दोन ठिकाणी चिरे फुटले होते ते बदलले.

भिंत तीन आठवड्यांत वरून कमरेपर्यंत फिकी पडली आहे. काळेपणा उतरून तांबूस रंग दिसायला लागलाय. ओळंबा, भेगांच्या खुणांमध्ये फरक नाही. वाळवीची नळी आठ दिवसांत भरून आली होती, म्हणजे जिवंत आहे.

एक विचारायचंय. काही कौलांच्या मागच्या अंगाला बेसल मिशनचं नाव आणि १८६५ असं उठलेलं आहे. म्हणजे कौलं घराहून सत्तर वर्षं जुनी आहेत का?


ओळंबा, १६ फेब्रुवारी

चराचं वाचून मला फार आनंद झाला. त्याचा फोटो आणि मापं जपा, पुढे कुणी त्यावर काँक्रीट ओतायला निघालं तर दाखवायला.

१८६५ हे मंगळूरला बेसल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते साल. ते कारखान्याचा शिक्का म्हणून कौलावर यायचं, ते कौल भाजल्याचं साल नव्हे. त्यावरून वय काढता येत नाही. शिक्क्याची चांगली कौलं मात्र पडवीच्या पाख्याला ठेवा, तिथे वाऱ्याचा मार कमी आणि खालून दिसतातही.

भिंत सुकली तरी यंदा गिलाव्याचा मोह टाळा. पावसाळाभर ती कशी वागते ते बघा. चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, मात्र आता आणून भिजत घालायला हरकत नाही. मुरलेला चुना जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. भिजवताना उकळी येते आणि उडतो, लोखंडी पिंपात करा, मुलं-कुत्री लांब, डोळ्यांना चष्मा. कळीत पाणी ओतण्याऐवजी पाण्यात कळी थोडी थोडी सोडा. मग वर पाणी राहील असं झाकून ठेवून द्या.


दरजा, १७ फेब्रुवारी

"माझं नाव लावा" हे वाचून आईला फोन केला. तिच्या माहेरच्या घराचा कागद मी कधी बघितलाच नव्हता. आज मागवलाय.


आगरातली, २९ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. २५ तारखेला मान्सून कोकणात पोचल्याचं जाहीर झालं, त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही कोसळतच होता. ओळंबा, तुम्ही १० मेची तारीख घातली नसती तर मी जूनच्या ५ तारखेवर काम लावलं असतं, सुतार तसंच म्हणत होते. आमचं शेवटचं कौल १२ मेला बसलं.

बावीस वाशांना जोड दिले, नऊ पूर्ण बदलले. एक तुळई आतून पोकळ निघाली, तिच्या जागी गावातल्याच पडलेल्या वाड्याची जुनी सागवानी तुळई मिळाली. स्वयंपाकघराची एक भिंत वरून चार थर उतरवून त्याच चिऱ्यांनी पुन्हा बांधावी लागली. जुन्या कौलांतली निम्म्याहून जास्त खणखणीत वाजली. कौलं वाजवायचं काम मुलाने आणि काकूंच्या नातवाने केलं, तीन दिवस अंगणात नुसती टकटक. खर्च ठेकेदाराने बंगल्याचा सांगितला होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात आला आहे, गिलावा आणि जमीन अजून बाकी आहे.

आजीच्या भिंतीवर अजून कापड आहे. काल काढून बघितलं, आठव्या ओळीतल्या तीन रेघा जागेवर आहेत.

पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री मी तिथेच होते. रात्री दोनला छत्री आणि बॅटरी घेऊन मागे गेले. चर काठोकाठ भरून वाहत होता, गढूळ पाणी, जोराने, थेट माडांकडे. आत येऊन भिंतीला हात लावला तर कोरडी. आत्याला फोन लावायची वेळ नव्हती, पण लावला. ती जागीच होती. मी फोन चरावर धरला, तिने बराच वेळ ऐकलं आणि मग विचारलं, "न्हाणीपाशी वळतोय ना, की तिथे तुंबतोय?" गेले, बघितलं, वळत होता.

आता अडचण. माजघरात चुलीच्या बाजूला एक ठिकाणी थेंब थेंब गळतंय. खालून बघितलं तर एक कौल बोटभर खाली सरकलेलं दिसतं. सुतार म्हणतो पाऊस उघडल्यावर येतो, पण उघडण्याचं चिन्ह नाही. मुलगा वर चढायचं म्हणतोय. काय करू?


चिरा_माती, २९ मे

चढू देऊ नका. ओल्या कौलांवर शेवाळ नसलं तरी पाय सरकतो, आणि एक नीट करायला दहा फुटतात.

माळ्यावर जाऊन आतूनच करा. लांब काठीच्या टोकाला फडकं गुंडाळा, सरकलेल्या कौलाच्या खालच्या कडेला लावून हळू वर ढकला. वरच्या कौलाखाली सरकून मागची नाकं रिपेवर बसली की टक्क आवाज येईल. तो आला की थांबायचं. नाकच तुटलं असेल तर बसणार नाही, मग रिपेला खिळा मारून तारेने तात्पुरतं आवळून ठेवा आणि खाली पातेलं ठेवा. ऑक्टोबरात मी दापोलीकडे येणार आहे कामाला, तेव्हा येऊन बघतो. चर पण बघायचाय.


आगरातली, ३० मे

टक्क आवाज आला. थेंब थांबला. काकूंनी चूल पेटवली आहे, धूर बरोब्बर त्या कौलाखालून निघतोय.

ऑक्टोबरात नक्की या, जेवायलाच या.